वहीवर चाललेली कात्री : ‘माय नेम इज रेचल कॉरी’च्या निमित्ताने

‘माय नेम इज रेचल कॉरी’ या नाटकाच्या पुस्तकावर नाटककाराचे नाव नाही. रेचल कॉरीच्या लेखनातून घेतलेले, संपादन अ‍ॅलन रिकमन आणि कॅथरीन व्हायनर, एवढेच तिथे छापलेले आहे. अशा पुस्तकाशी कसे वागायचे हे आपल्या नाट्यसमीक्षेने अजून ठरवलेले नाही. आपल्याकडे संपादक म्हटला की मजकूर हातावेगळा करणारा, र्‍हस्वदीर्घ पाहणारा माणूस डोळ्यांपुढे येतो. नाटकाचे श्रेय आणि नाटकाचे पाप, दोन्ही आपण नाटककाराच्या पदरात टाकतो. इथे तो पदरच नाही. या लेखात मला त्या ‘संपादन’ शब्दाकडे पाहायचे आहे. कारण या नाटकावर वीस वर्षे जो वाद झाला तो जवळजवळ सगळा ‘हे दाखवावे की नाही’ एवढ्यावरच झाला. वहीतले काय ठेवले, काय गाळले आणि ठेवलेले कुठे नेऊन बसवले, याची चौकशी फार थोड्यांनी केली.

आधी हकीकत. रेचल कॉरी ही अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावची मुलगी, जन्म १० एप्रिल १९७९. एव्हरग्रीन स्टेट कॉलेजात शिकत असताना ती इंटरनॅशनल सॉलिडॅरिटी मूव्हमेंट या संघटनेबरोबर जानेवारी २००३ मध्ये गाझापट्टीतल्या रफाहला गेली. इस्रायली सैन्य तिथली घरे पाडत होते आणि हे परदेशी तरुण घरांपुढे उभे राहत होते. १६ मार्च २००३ रोजी एका औषधविक्रेत्याच्या कुटुंबाच्या घरापुढे उभी असताना सैन्याच्या चिलखती डी-९ बुलडोझरखाली सापडून ती मेली. वय २३. चालकाला ती दिसली नाही, असे सैन्याच्या चौकशीचे म्हणणे. ती भडक नारिंगी जाकिटात होती आणि दिसत होती, असे तिच्या सोबत्यांचे म्हणणे. आईवडिलांनी केलेला दावा हैफाच्या जिल्हा न्यायालयाने ऑगस्ट २०१२ मध्ये फेटाळला आणि इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये अपीलही नाकारले.

तिने घरी पाठवलेल्या ईमेल तिच्या मृत्यूनंतर लगेच लंडनच्या ‘गार्डियन’मध्ये छापून आल्या. त्या रिकमन यांनी वाचल्या. आपल्याकडच्या तरुण वाचकांना ते हॅरी पॉटरमधले स्नेप म्हणून ठाऊक असतील. ते मुळात रंगभूमीचे माणूस. ‘गार्डियन’च्या पत्रकार व्हायनर यांना सोबत घेऊन त्यांनी काम सुरू केले. रॉयल कोर्ट थिएटरच्या वरच्या मजल्यावरच्या छोट्या सभागृहात एप्रिल २००५ मध्ये पहिला प्रयोग झाला. रिकमन यांचेच दिग्दर्शन, आणि रंगमंचावर एकटी मेगन डॉड्स.

कुटुंबाने संपादकांच्या हाती दिलेला मजकूर १८४ पानांचा होता. लहानपणापासूनच्या डायर्‍या, टिपणे, पत्रे, ईमेल. दीड तासाच्या आसपासच्या एकपात्री प्रयोगात त्यातला थोडाच भाग मावणार हे उघड आहे. पुढे २००८ साली तिच्या वह्यांचे स्वतंत्र पुस्तक निघाले, ‘लेट मी स्टँड अलोन’ नावाचे. नाटक आणि ते पुस्तक शेजारीशेजारी ठेवून वाचले की कात्री कशी फिरली हे हळूहळू कळू लागते. मी हे नाटक पाहिलेले नाही, वाचले आहे. शब्दकोश बाजूला ठेवून, दोनदा. प्रयोगाच्या गुणदोषांवर बोलण्याचा मला अधिकार नाही. संहितेवर आहे.

संपादकांचे सर्वांत शहाणपणाचे काम पूर्वार्धात आहे. नाटक गाझात सुरू होत नाही. ते ऑलिंपियातल्या तिच्या खोलीत, कपड्यांच्या पसार्‍यात सुरू होते. तिला याद्या करायची सवय होती. मरणानंतरच्या अनंतकाळात कोणाकोणाबरोबर वेळ घालवायला आवडेल याची तिची एक यादी आहे, तीत रिल्के आहे, येशू आहे आणि चार्ली चॅप्लिनही आहे. जुना मित्र, त्याच्याबद्दलची चिडचिड, मानसिक रुग्णांच्या सोबतीचे काम, आईशी असलेले अर्धे प्रेमाचे अर्धे भांडणाचे नाते, हे सगळे येते. प्रेक्षक रफाहची वाट पाहत बसलेला असतो आणि ही मुलगी आपल्या खोलीतून बाहेरच पडत नाही. काही समीक्षकांना हा भाग रेंगाळणारा वाटला. मला तो नाटकाचा पाया वाटतो. पुढे जी मरणार आहे ती कोणी देवी नव्हती, कामाला उशिरा पोचणारी, स्वतःवर हसणारी पोर होती, हे इथे ठरते. एखाद्या मराठी निर्मात्याने पहिल्या वाचनातच ही पाने कापा म्हणून सांगितले असते.

दुसरी गोष्ट भाषेची. घरातली रेचल तुटक, खेळकर, मधेच कवितेकडे वळणारे लिहिते. रफाहमधून आलेल्या ईमेलमध्ये वाक्ये लांबत जातात, माहिती वाढते, खेळ कमी होतो. ती बदलते आहे हे कोणी सांगत नाही, तिचे वाक्यच सांगते. हे रचण्यासाठी संपादकांना एक शब्दही पदरचा घालावा लागलेला नाही. क्रम लावणे एवढेच त्यांचे नाट्यलेखन, आणि ते खरेच लेखन आहे.

उत्तरार्धात मात्र मला अडचण येते. नाटकाचा शेवट दोन तुकड्यांचा आहे. आधी तिच्या मृत्यूचे, सोबत्याने सांगितलेले प्रत्यक्षदर्शी वर्णन. त्यानंतर दहा वर्षांच्या रेचलची खरी चित्रफीत: शाळेच्या कार्यक्रमात ती जगातल्या भुकेवर बोलते आहे. प्रेक्षक रडतात असे सगळ्यांनी लिहिले आहे, आणि रडणारच. पण या जागी ती चित्रफीत काय काम करते ते पाहावे. तासभर जिला आपण गोंधळताना, चाचपडताना पाहिले, तिचे सगळे आयुष्य या एका चित्राने पहिल्यापासून ठरल्यासारखे होते. दहाव्या वर्षीच हिच्या कपाळी हे लिहिलेले होते, असे काहीसे. चित्रफीत खरी आहे, तीत काही खोटे नाही. खोटेपणा असलाच तर तो जागेत आहे. हीच चित्रफीत खोलीतल्या पसार्‍यात, दहा मिनिटांनी आली असती तर ती एका चुणचुणीत मुलीचे भाषण म्हणून गेली असती. शेवटी आली म्हणून ती भविष्यवाणी झाली. संताची गोष्ट सांगायची नाही म्हणून पूर्वार्धात जे जपले ते शेवटच्या दोन मिनिटांत हातचे निसटते.

आणखी एक उणीव आहे, तिला संपादक जबाबदार नाहीत. प्रकारच जबाबदार आहे. ज्या कुटुंबाच्या घरापुढे ती उभी राहिली ते कुटुंब या नाटकात तिच्या ईमेलमधून दिसते. ते चहा देते, जेवू घालते, मुले इंग्रजी शब्द विचारतात. पण त्यांचा स्वतःचा आवाज नाही. डायरीचे नाटक करायचे तर जिने डायरी लिहिली तिलाच बोलता येते, आणि डायरी लिहिण्याइतकी फुरसत, वीज आणि घर सगळ्यांकडे नसते. ज्यांचे घर पडते आहे त्यांच्या वह्या ढिगार्‍याखाली जातात.

मी रायगडाच्या पायथ्याशी, हिरकणीवाडीत राहतो, त्यामुळे हा मुद्दा मला परका नाही. आमच्या वाडीला जिचे नाव आहे त्या गवळणीने एक अक्षर मागे ठेवलेले नाही. दूध घालायला गडावर गेली, दरवाजे मिटले, घरी तान्हे मूल, म्हणून कडा उतरली. महाराजांनी तिथे बुरूज बांधवला. एवढी गोष्ट. बाकी सगळे दुसर्‍यांनी भरले: शाळेतल्या धड्यांनी, पोवाड्यांनी, २०१९च्या चित्रपटाने. दर पिढीने आपल्याला हवी ती हिरकणी बोलवून घेतली आणि ती कोणालाच नाही म्हणू शकली नाही. वही मागे ठेवणार्‍याला निदान एवढे संरक्षण असते, की त्याच्या वहीशी ताडून पाहता येते.

आता वादाकडे. लंडनमधला प्रयोग गाजला, बक्षिसे मिळाली, आणि मार्च २००६ मध्ये तो न्यूयॉर्क थिएटर वर्कशॉपमध्ये व्हायचा होता. फेब्रुवारीअखेर तिथल्या मंडळींनी तो पुढे ढकलला. कारणे अशी दिली की एरिएल शेरॉन आजारी आहेत, पॅलेस्टाइनच्या निवडणुकीत हमास जिंकली आहे, स्थानिक ज्यू समाजातल्या काहींशी बोलल्यावर वातावरण नाजूक आहे असे दिसले, आणि नाटकाभोवती संदर्भ उभा करायला वेळ हवा आहे. रिकमन यांनी याला सरळ सेन्सॉरशिप म्हटले. मार्चअखेर नाटक लंडनच्याच प्लेहाउस थिएटरमध्ये गेले आणि ऑक्टोबर २००६ मध्ये न्यूयॉर्कच्या मिनेटा लेन थिएटरमध्ये, दुसर्‍या निर्मात्यांकडून, ते झाले. टोरांटोच्या कॅनस्टेजने ते घेण्याचा विचार सोडला. फ्लॉरिडातल्या एका नाट्यगृहाने जाहीर करून रद्द केले.

मराठी वाचकाला यात एक गोष्ट चटकन जाणवेल. कुठेही सरकार नाही. आपल्याकडे संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवावी लागते, शिक्का लागतो, नकार आला तर तो कागदावर येतो. ‘सखाराम बाइंडर’वर संकट आले तेव्हा कमलाकर सारंगांना निदान त्या कागदाविरुद्ध उच्च न्यायालयात जाता आले, ‘बाइंडरचे दिवस’मध्ये ती सगळी लढाई आहे. आपल्या मंडळाची मी बाजू घेत नाही, पूर्वपरीक्षण ही मुळातच नको असलेली गोष्ट आहे. पण न्यूयॉर्कला ‘पुढे ढकलले’ म्हणणार्‍याविरुद्ध कुठल्या कोर्टात जाणार? नाटकाला कोणी वाईट म्हटलेले नाही, बंदी घातलेली नाही, फक्त वेळ योग्य नाही. असा नकार हातात धरता येत नाही. गेल्या काही वर्षांत आपल्याकडेही हा प्रकार वाढला आहे. सभागृह अचानक दुरुस्तीला निघते, तारखा सापडत नाहीत, आयोजक फोन उचलत नाहीत.

विरोधकांचे एक म्हणणे मात्र झटकून टाकण्यासारखे नव्हते. टॉम ग्रॉस या पत्रकाराने ‘स्पेक्टेटर’मध्ये लिहिले, की रेचल नावाच्या इतरही मुली-बाया त्या वर्षांत मेल्या, इस्रायली, पॅलेस्टिनी हल्ल्यांत; त्यांची नावे कोणत्या नाटकाला नाहीत. हा युक्तिवाद हिशेबाचा आहे असे म्हणून सोडून देता येतो, पण त्या मुली खर्‍या होत्या. माझे उत्तर एवढेच, की त्यांच्याही वह्या असतील तर त्यांचीही नाटके व्हावीत, आणि तीही एकेकट्या आवाजाची व्हावीत. ‘संदर्भ’ म्हणून जो मागितला जात होता त्याचा अर्थ व्यवहारात असा होता, की हिचे वाक्य संपले की लगेच दुसर्‍या कोणी तरी उभे राहून तोल साधावा. वृत्तपत्राने ते करावे. रंगमंचावर एक माणूस तासभर बोलतो तेव्हा त्याचे म्हणणे खरे आहे असा दाखला कोणी देत नसते; तो असा होता, एवढेच प्रेक्षकाने पाहायचे असते.

इथे आपल्याकडच्या एका नाटकाचा विषय टाळता येणार नाही. प्रदीप दळवी यांचे ‘मी नथुराम गोडसे बोलतोय’ जुलै १९९८ मध्ये रंगमंचावर आले आणि त्याच महिन्यात बंद करण्यात आले. पुढे न्यायालयीन वादांनंतर ते परतले आणि वर्षानुवर्षे चालले. दोन माणसांची तुलना मी करत नाही. एक निःशस्त्र उभी राहून मेली, दुसर्‍याने प्रार्थनेला निघालेल्या म्हातार्‍यावर गोळ्या झाडल्या. तुलना शीर्षकांतल्या ‘मी’ची आहे. दळवींच्या नाटकात ‘मी’ बोलतो असे पाटीवर लिहिले आहे, पण संवाद रचलेले आहेत ते नाटककाराने. आरोपीचे न्यायालयातले निवेदन आणि भावाची पुस्तके हा कच्चा माल. प्रेक्षक मात्र नाट्यगृहातून बाहेर पडताना ‘आज त्याची बाजू त्याच्याच तोंडून ऐकली’ म्हणत येतो. महाडच्या एस.टी. स्टँडवर मी हे वाक्य स्वतः ऐकलेले आहे. बंदी चुकीचीच होती, कारण बंदीने त्या रचलेल्या संवादांना दडवलेल्या दस्तऐवजाचा मान दिला. पण बंदीवर बोलता बोलता त्या ‘मी’ची तपासणी राहून गेली, ती गेलीच.

याच्या उलट सुषमा देशपांडे यांचे ‘व्हय, मी सावित्रीबाई’. १९८९पासून त्या ते करत आल्या, नाट्यगृहात आणि गावोगावच्या अंगणांतही. त्यातही ‘मी’ आहे आणि त्यातही शब्द नाटककर्तीचे आहेत. पण समोर पदर खोचून उभी असलेली बाई आजची आहे, सावित्रीबाईंना आपल्याशी बोलायला घेऊन आली आहे, हे पहिल्या पाच मिनिटांत कळते. ती लपवाछपवी करत नाही. म्हणून तिथे फसल्यासारखे वाटत नाही.

हे सगळे मी आज लिहितो आहे त्याला कारण आहे. २०२७ मध्ये चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला शंभर वर्षे होतील. महाडात आतापासूनच कार्यक्रमांची बोलणी चालू आहेत. त्यात आमच्या तालुक्यातल्या चार-पाच मुलामुलींनी रामचंद्र बाबाजी मोरे यांच्या आत्मकथनाचे चाळीस मिनिटांचे एकपात्री वाचन करायचे ठरवले आणि संहिता कापून द्यायला माझ्याकडे आले. मोरे हे दासगावचे, जन्म १९०३, लाडवलीचा. शिष्यवृत्ती मिळवूनही महाडच्या इंग्रजी शाळेत अस्पृश्य म्हणून प्रवेश नाकारलेला पोरगा. त्याने वर्तमानपत्राला पत्र लिहिले आणि प्रवेश मिळवला. बाजाराला येणार्‍या अस्पृश्यांना महाडात घोटभर चहापाणी मिळावे म्हणून जे दुकान निघाले, त्याभोवती जमलेल्या तरुणांतला तो एक. १९ आणि २० मार्च १९२७ला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरवण्यात त्याचा पुढाकार, तेव्हा वय २४. रेचलपेक्षा एका वर्षाने मोठा. परिषद भरली ती वीरेश्वर थिएटरच्या मांडवात, म्हणजे नाटकाच्याच जागेत. हा योगायोग त्या मुलांना फार आवडलेला आहे.

अडचण अशी, की मोरे यांचे स्वतःच्या हातचे आत्मकथन अपुरे आहे. ते सत्याग्रहापर्यंत पोचण्याआधीच थांबते. पुढचे चरित्र त्यांचे चिरंजीव सत्येंद्र मोरे यांनी लिहिले आणि दोन्ही मिळून पुस्तक झाले. वंदना सोनाळकर यांनी केलेला त्याचा इंग्रजी अनुवाद २०१९ साली निघाला. मुलांचे म्हणणे साधे आहे: लोक २० मार्चला येणार, ते तळ्याकडे निघालेली मिरवणूक ऐकायला येणार. मग मुलाने लिहिलेल्या भागातले ‘ते’ काढून ‘मी’ करू. क्रियापदे बदलायची, बाकी शब्द तेच. कोणाला कळणार आहे?

कळणार नाही, हे खरे आहे. पण ज्याने ती मिरवणूक काढायला चार वर्षे खटपट केली त्याने तिच्याबद्दल स्वतःच्या हाताने लिहिलेले पान आपल्यापाशी नाही, ही या माणसाच्या आयुष्यातली मोठी गोष्ट आहे. ती क्रियापदांनी बुजवायची? रिकमन-व्हायनर यांच्यावर मी कितीही टीका केली तरी त्यांनी हे केलेले नाही. रेचलचा मृत्यू रेचल सांगत नाही. तिथे दुसर्‍याचा आवाज येतो आणि तो दुसर्‍याचा आहे हे स्पष्ट ठेवलेले आहे.

दुसरी कात्री अधिक नाजूक आहे. मोरे बाबासाहेबांचे निष्ठावान कार्यकर्ते आणि १९३०च्या सुमारापासून कम्युनिस्ट पक्षाचेही. दोन्ही झेंडे त्यांनी आयुष्यभर सांभाळले, दोन्हीकडून बोलणी खाल्ली. आता वाचनाला मदत करू म्हणणार्‍यांपैकी काहींना तो लाल भाग नको आहे, निदान २० मार्चला नको. ‘नंतर कधी तरी करू, आता वेळ नाही.’ दुसर्‍या बाजूच्यांना त्यातली बाबासाहेबांवरची भक्ती आटोपशीर हवी आहे. दोघेही प्रेमाने बोलतात, चहा पाजतात. बंदी कोणी घालत नाही. न्यूयॉर्कची गोष्ट मी त्या मुलांना सांगितली ती याच वेळी.

आणि तिसरी, जिच्याबद्दल कोणीच मागणी केलेली नाही, पण जी आपोआप फिरते: बारीकसारीक गोष्टींवरची. दासगावचे बंदर, पेन्शनर महारांची घरे, पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यात केलेल्या नोकर्‍या, घरातली भांडणे. चाळीस मिनिटे म्हटली की हे आधी जाते आणि उरतो तो भाषण करणारा पुतळा. रेचलच्या पसार्‍यातल्या खोलीचे मोल मला इथे कळले. म्हणून मी पहिली अठरा मिनिटे दासगावातच ठेवली आहेत, आणि त्यावर कुरकुर चालू आहे.

सध्याची प्रत अशी आहे. मोरे वाचणारा मुलगा आत्मकथन जिथे थांबते तिथे थांबतो, पुस्तक तसेच उघडे ठेवतो आणि खाली बसतो. दुसरी मुलगी उठते, पुढची बारा मिनिटे सत्येंद्र मोरे यांचा मजकूर ‘ते’ म्हणूनच वाचते, पक्षाच्या पानांसकट. म्हणजे एकपात्री एकपात्री राहिलेले नाही. मिरवणूक येते, पण बसलेल्या मुलाच्या तोंडून येत नाही, तो ऐकतो. दिवाळीनंतर तालमी सुरू होतील. जागा अजून मिळालेली नाही. दोन ठिकाणी विचारले आहे, एकीकडून ‘बघू’ असे उत्तर आले आहे.